नंबर तोच आहे, पण डोळ्यासमोर ठिपके

प्रश्न : यांना दोन महिन्यांपूर्वी एचआयव्ही असल्याचं कळलं. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) ४१. एआरटीला (एचआयव्हीवरच्या गोळ्यांना) तीन आठवडे झाले. आता उजव्या डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगतात. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला, तो तेवढाच आहे. डोळा लाल नाही, दुखतही नाही. गोळ्या उष्ण पडल्या असतील का? बंद कराव्यात का?
— एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : गोळ्या मनानं बंद करू नका. आणि नंबर तोच आहे म्हणून निश्चिंतही राहू नका. तक्ता वाचायला डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फक्त मधला ठिपकाभर भाग लागतो. सीडी४ ५० च्या खाली गेल्यावर सीएमव्ही विषाणू बहुधा पडद्याच्या कडेकडून खायला लागतो. तोवर माणूस शेवटची ओळही वाचतो. पडद्याला दुखणं कळत नाही, म्हणून डोळा ठणकत नाही. एआरटीनं प्रतिकारशक्ती परतू लागली, की दबलेली लागण सूज आणून उघडी पडते. दोष गोळ्यांचा नाही.

घरी एक करून पाहा. एक डोळा तळहातानं झाका, दुसऱ्यानं कॅलेंडरच्या मधल्या तारखेकडे टक लावा. कोपरे दिसतात का? चौकटी वाकड्या वाटतात का? मग दुसरा डोळा. सगळं ठीक दिसलं तरी तपासणी टळत नाही.

नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या नेत्रविभागात आज-उद्याच जा आणि ‘बाहुली मोठी करून दोन्ही डोळ्यांचे पडदे पाहा’ असं स्पष्ट सांगा. सीडी४ चा कागद आणि क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट सोबत ठेवा. औषध टाकल्यावर अर्धा तास बसावं लागतं, पुढं चार-सहा तास धूसर दिसतं. गाडी त्यांना चालवू देऊ नका. नागपूरच्या उन्हात गॉगल हवाच. एचआयव्ही लपवू नका, नाहीतर डॉक्टर भलतंच शोधत बसतील. त्या कारणावरून उपचार नाकारायला २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं मनाई आहे.

पडद्यावर नुसते कापसासारखे पांढरे डाग निघाले, तर त्यांना वेगळं औषध लागत नाही; शुगर-बीपी मात्र तपासून घ्या. सीएमव्ही निघाला तर सहसा व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर ४५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या सकाळी, दोन संध्याकाळी, जेवणासोबत, दोन-तीन आठवडे. मग रोज एकदाच दोन. किडनी कमजोर असेल तर मात्रा कमी करतात. पांढऱ्या पेशी घसरतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी). डाग मध्यभागाजवळ असेल तर डोळ्यात इंजेक्शनही देतात. दिसायला लागलं म्हणून गोळ्या सोडणं, इथंच बहुतेकांचं चुकतं. सीडी४ १०० च्या वर जाऊन निदान तीन महिने टिकेपर्यंत त्या चालतात. मधे कधी विजेसारखे लखलखाट किंवा नजरेसमोर कडेनं काळी सावली सरकल्यासारखं झालं, तर विरलेला पडदा फाटून सुटला असू शकतो. अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : वय २९, एचआयव्ही आहे. कपाळावर नागीण उठली, एक फोड नाकाच्या शेंड्यावर. आई गेरू लावायचं म्हणते.
— एक वाचक, सदर

उत्तर : गेरू नको. नाकाच्या शेंड्याची आणि डोळ्याची नस एकच, त्यामुळे तो फोड म्हणजे डोळ्यालाही लागण झाल्याची दाट शक्यता. अ‍ॅसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाचदा, सात ते दहा दिवस, असा नेहमीचा डोस आहे. डॉक्टरांकडून लिहून घ्या. ७२ तासांत सुरू झालं तर उत्तम, उलटले असले तरी जाच. जुनी स्टिरॉइडची बाटली घरात पडली असेल, तर ती डोळ्यात टाकू नका.