ऑनलाइन अर्ज नामंजूर झाला, आता मतदान करता येईल का?

साताऱ्याच्या एक ताई लग्नानंतर हडपसरला आल्या. फेब्रुवारीत मोबाइलवरून मतदार यादीत नाव घालण्याचा अर्ज, म्हणजे नमुना ६ भरला, संदर्भ क्रमांक आला आणि त्या निर्धास्त झाल्या. आठ महिन्यांनी पाहतात तर अर्ज नामंजूर, कारण ‘अर्जदार पत्त्यावर आढळली नाही’. दिवसा घराला कुलूप असतं, दोघंही कामाला जातात. ‘विधानसभेच्या मतदानाआधी उच्च न्यायालयात रिट याचिका करू का?’ असं त्या विचारतात.

ताई, रिटचं तूर्त राहू द्या. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० चं कलम २३(३) आधी वाचा. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की ती निवडणूक पार पडेपर्यंत त्या मतदारसंघाच्या यादीत नवं नाव घालता येत नाही. तुमची बाजू कितीही खरी असो.

त्यातही शेवटच्या दिवशी अर्ज टाकून भागत नाही. हरकतींसाठी अर्जाची नोटीस सात दिवस लावावी लागते, मगच मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतात. म्हणून हाताशी निदान दहा दिवस हवेत. २०२४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्जांची मुदत २९ ऑक्टोबरला संपली. नावनोंदणीचे अर्ज १९ ऑक्टोबरपर्यंतच घेतले. मतदान मात्र २० नोव्हेंबरला होतं. ‘अजून महिना आहे’ म्हणणारे तिथेच फसले.

तुमच्यावर थोडं रागवावंसं वाटतं. संदर्भ क्रमांक ही फक्त अर्ज पोचल्याची पावती. आठ महिन्यांत एकदा स्थिती तपासली असती, बीएलओंना (घरी येऊन पडताळणी करणारे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) फोन करून संध्याकाळची वेळ दिली असती, तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं. मतदान केंद्राबाहेरच्या टेबलाशी एक आजोबा असाच संदर्भ क्रमांकाचा मेसेज उघडून उभे होते. कार्यकर्त्याचं बोट यादीवरून तीनदा खालीवर फिरलं, नाव नव्हतं. ते मला अजून आठवतं.

दुसरी चूक अर्जाचीच. साताऱ्यात नाव असताना नमुना ६ भरायचा नसतो. तो पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांचा. त्यात ‘माझं नाव इतरत्र नाही’ असं तुम्ही लिहून दिलंत. खोट्या प्रतिज्ञापनाला कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अजाणता झालेल्या चुकीवर कोणी खटला भरेल असं मला वाटत नाही, पण तीच चूक पुन्हा नको.

आता नमुना ८ भरा, स्थलांतराचा. जुना ओळखपत्र क्रमांक घाला, हडपसरच्या पत्त्याचा पुरावा जोडा. साताऱ्याचं नाव कमी करायला वेगळा नमुना ७ मात्र भरू नका. इकडचं मंजूर होण्याआधी तिकडचं गेलं तर दोन्हीकडून जाल.

नामंजुरीवर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील असतं, पण आदेशापासून १५ दिवसांत. ते दिवस बहुधा गेले. उशीर माफ होईल या भरवशावर राहू नका. निवडणुकीच्या तोंडावर न्यायालयही सहसा हात घालत नाही.

महापालिकेचं गणित वेगळं. तिथे राज्य निवडणूक आयोग ठरवेल त्या दिवसाची विधानसभा यादी घेतात. २०२५ मध्ये तो दिवस १ जुलै होता; त्यानंतर विधानसभेच्या यादीत आलेल्यांना त्याचा उपयोग झाला नाही.

अर्ज आज रात्रीच भरा. उद्या बीएलओंना फोन करा, घरी कधी असता ते सांगा आणि शेजारच्या काकूंनाही सांगून ठेवा.