डिमरेज आणि डिटेन्शन दोन्ही लागलंय, भरायचं की भांडायचं?

एकाच कंटेनरवर डिमरेज आणि डिटेन्शन दोन्ही कसं लावतात आणि फॉरवर्डर (मालवाहतुकीची व्यवस्था पाहणारा एजंट) म्हणतो म्हणून मुकाट्याने भरायचं का, असं विचारलंय तुम्ही. दोन्ही लागू शकतं. आयातीत भरलेला कंटेनर फ्री डेज (बिनशुल्क दिवस) संपूनही बंदराच्या टर्मिनलमध्ये पडून राहिला की डिमरेज, बाहेर काढल्यावर रिकामा परत द्यायला उशीर झाला की डिटेन्शन. टर्मिनलचं स्टोरेज हे बऱ्याचदा तिसरंच बिल. आधी तीन तारखा समोर ठेवा: जहाजावरून उतरल्याची, गेट-आउटची (टर्मिनलबाहेर काढल्याची), रिकामा जमा केल्याची. गेट-आउटचा दिवस दोन्ही बिलांत धरलेला सापडला, तर पहिलं बोट तिथे ठेवा.

भांडा, पण कंटेनर अडकवून नको. दिवस वाढतील तसे दर स्लॅबने (टप्प्याटप्प्याने) चढतात आणि वाद मिटेपर्यंत मीटर काही थांबत नाही. 'अंडर प्रोटेस्ट' (हरकत कायम ठेवून) असं मेलवर लिहून पैसे भरा, माल सोडवा, क्लेम नंतर लढवा.

माफीच्या विनवणीला लाइनवाले (जहाज कंपन्या) भीक घालत नाहीत, पुरावा असेल तर ऐकतात. समजा रिकामा कंटेनर यार्डाने 'जागा नाही' म्हणून परत पाठवला. ड्रायव्हरने गेटवरच फोटो काढायचा, कंटेनर नंबर आणि वेळ दिसेल असा, आणि त्याच दिवशी लाइनला मेल करून दुसरा यार्ड मागायचा. आठवड्याने पाठवलेल्या मेलला किंमत नसते. कस्टम्सच्या तपासणीत गेलेले दिवस मात्र सहसा आपल्याच माथी येतात.

शुल्क अमेरिकेत लागलं असेल तर एक हत्यार जास्तीचं आहे. तिथल्या सागरी वाहतूक नियामकाच्या, म्हणजे फेडरल मॅरिटाइम कमिशनच्या, 28 मे 2024 पासून लागू झालेल्या नियमानुसार शुल्क शेवटचं लागलं त्या दिवसापासून 30 दिवसांत लाइनने बिल पाठवायला हवं. उशिरा आलं तर भरायचं बंधन नाही.

खरी बचत मात्र बुकिंगच्या वेळीच होते. जास्तीचे फ्री डेज तेव्हाच मागा आणि कोटेशनवर लिहून घ्या. कॅलेंडर दिवस की कामाचे, मोजणी कुठून सुरू, डिमरेज-डिटेन्शनचे दिवस एकत्र की वेगळे, हेही त्यातच येऊ दे. जहाज लागल्यावर मागितलेले दिवस क्वचितच मिळतात.

आणि कागद! ओरिजिनल बीएल (बिल ऑफ लेडिंग, ज्यावर माल ताब्यात मिळतो तो कागद) कुरियरमध्ये आणि कंटेनर बंदरात, हा प्रकार फार दिसतो. सप्लायर विश्वासातला असेल तर सी वेबिल किंवा टेलेक्स रिलीज घ्या, म्हणजे ओरिजिनलशिवाय माल सुटतो. एलसीवर (बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटवर) व्यवहार असेल तर बहुतेक बँका ओरिजिनलच मागतात, मग जास्तीच्या फ्री डेजना पर्याय नाही.