"धूळ खायची ती खाऊन झाली, आता बिडी सोडून काय होणार?"

तुम्ही लिहिलंत, की तुमचे वडील १९ वर्षं सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाची पोती फोडून मिक्सरमध्ये ओतायचे. आता वय ६९, जिना चढताना दम लागतो, एक्स-रेत फुफ्फुसाच्या आवरणावर चट्टे दिसलेत. डॉक्टर बिडी सोडा म्हणतात आणि वडील हे वरचं वाक्य ऐकवतात. मी हे वाक्य आमच्या बॉयलर हाऊसमध्ये इतक्यांच्या तोंडून ऐकलंय, की उत्तर लिहिल्यावाचून राहवलं नाही.

मी १९७४ला परळच्या एका गिरणीत बॉयलरवर लागलो. वाफेच्या पाइपांना ॲस्बेस्टॉसचं लॅगिंग, म्हणजे उष्णता आत राखणारं वेष्टन, बॉयलरच्या दाराला ॲस्बेस्टॉसची दोरी. जुनं लॅगिंग हातोडीने ठोकून पाडायचं आणि कोरड्या झाडूने लोटून काढायचं. सकाळी वरच्या काचेतून उन्हाची तिरीप आली, की हवेत बारीक चमचम दिसायची. आम्ही तिथेच डबा उघडायचो, आणि डबा झाला की बिडी. मी डॉक्टर नाही. पण गेली बरीच वर्षं माझ्या छातीची तपासणी चालू आहे, आणि दर वेळी विचारून, वाचून जे कळलं ते सांगतो.

आधी चट्ट्यांबद्दल. ते कॅन्सर नव्हेत आणि त्यांचा कॅन्सर होत नाही. ॲस्बेस्टॉस छातीत गेलं होतं याची ती खूण आहे. दम कशाने लागतो ते मात्र शोधायला हवं. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची श्वासाची चाचणी, करून घ्या, आणि डॉक्टरांना विचारून एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन. ॲस्बेस्टॉसिसमध्ये, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणाऱ्या आजारात, फुफ्फुस घट्ट होतं, हवा मावतच नाही. बिडीच्या आजारात हवा बाहेर पडायला अडते. जुन्या कामगारात दोन्ही एकत्र सापडू शकतं.

आता वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर. अमेरिकेत डॉ. सेलिकॉफ आणि हॅमंड यांनी लॅगिंगचं काम करणाऱ्या, म्हणजे आमच्याच धंद्यातल्या, १७,८०० कामगारांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. १९७९ साली आकडे छापून आले. ज्याने धूळ खाल्ली नाही आणि सिगारेटही ओढली नाही, त्याचा फुफ्फुसाच्या कॅन्सरने मरायचा धोका १ धरा. नुसती धूळ खाल्लेल्याचा ५ पट. नुसती सिगारेट ओढणाऱ्याचा साधारण ११ पट. दोन्ही असतील तर ५३ पट. पाच आणि अकरा यांची ही बेरीज नव्हे, हा जवळजवळ गुणाकार आहे. पुढच्या अभ्यासांत आकडे थोडे खाली आले, पण दोन्ही असलेल्याचा धोका सगळ्यांत जास्त, हे कायम राहिलं.

याचं एक कारण साधं आहे. श्वासनलिकेला आतून बारीक लव असते. ती सतत हलत राहते आणि आत गेलेली धूळ कफाबरोबर वर ढकलते. धुराने ही लव लुळी पडते, मग ॲस्बेस्टॉसचे तंतू बाहेर पडायचे ते आतच राहतात. आणि बिडी सिगारेटपेक्षा सौम्य, हाही गैरसमज. तेंदूच्या पानातून हवा आत शिरत नाही, बिडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोरात मारावे लागतात.

म्हणून वडिलांना सांगा, छातीतली धूळ आता कोणालाही काढता येणार नाही. पण गुणाकारातला दुसरा आकडा त्यांच्या खिशात आहे. अमेरिकेतल्या लॅगिंग कामगारांच्याच २०१३च्या अभ्यासात, सिगारेट सोडल्यावर दहा वर्षांत फुफ्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. आजच्या खोकल्याला, दमालाही फरक पडतो. मी स्वतः ५२व्या वर्षी सोडली. पहिले तीन आठवडे फार वाईट गेले, तेव्हा वडिलांवर चिडू नका. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवण्याचा सरकारी मोफत फोन आहे, तिथे लावून द्या.

एक गोष्ट लपवणार नाही. मेसोथेलिओमा नावाचा फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर बिडीने वाढत नाही आणि सोडल्याने टळतही नाही. माझा एक जोडीदार आयुष्यात कधी बिडीला शिवला नाही, काम सोडल्यावर ३१ वर्षांनी तो यानेच गेला. छातीत पाणी झालं म्हणून आधी त्याला टीबीची औषधं दिली. कुठे काम करत होतास, हे कोणी विचारलंच नाही.

म्हणून माझं दुसरं सांगणं तितक्याच कळकळीचं आहे. बिडी सोडवा, पण केसपेपरवर नुसतं "धूम्रपान" लिहून घेऊन परत येऊ नका. तेवढंच लिहिलं की सगळा दोष माणसाच्या माथी जातो आणि कारखाना मोकळा होतो. ॲस्बेस्टॉसिस आपल्या कायद्यात कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत आहे. २७ जानेवारी १९९५च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, की ॲस्बेस्टॉस कामगाराच्या तब्येतीच्या नोंदी नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातलं जे उशिरा येईल तोवर जपायच्या. लेखी अर्ज करून त्या मागा, पोचपावती घ्या.

आईचीही तपासणी करा. वडिलांचे कामाचे कपडे घरी कोण झटकून धुवायचं? माझी बायको चाळीच्या गॅलरीत झटकायची, पोरं तिथेच खेळायची. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना एका कागदावर लिहून न्या: कोणता कारखाना, कोणतं खातं, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, पोती हाताने फोडायचे की मशीनने, तोंडाला काय बांधायचे. सोबत पीएफची स्लिप, जुना गेटपास, असेल ते. वडिलांशेजारी बसून लिहा, त्यांना सगळं आठवत असेल. आणि डॉक्टरांना म्हणा, हे केसपेपरवर चढवा.