98 टक्के, पण कुठल्या नमुन्यांवर?

प्रश्न : लेकीने एमएस्सीच्या प्रकल्पात 60 जणांच्या रक्ततपासणीवरून कर्करोग ओळखणारे 8 मायक्रोआरएनए शोधले. संगणक 98 टक्के अचूक म्हणतो. खरं मानू का? – एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, मी परळला हेच काम करते. मायक्रोआरएनए म्हणजे पेशींतल्या आरएनए या रेणूचे जेमतेम 22 अक्षरांचे तुकडे. माणसात अडीच हजारांहून जास्त नोंदलेले आहेत. एवढ्या गर्दीत 60 जणांमधले रुग्ण आणि निरोगी निव्वळ योगायोगाने वेगळे दाखवणारे आठ सहज सापडतात. लेकीला विचारा, आठ निवडताना सगळे 60 नमुने वापरले आणि परीक्षाही त्यांच्यावरच घेतली का? मग पेपर आधीच फुटला. चाचणीचे नमुने निवडीच्याही आधी बाजूला काढायचे असतात. शेवटी दुसऱ्या रुग्णालयातले नमुनेही हवेतच.

आणि नळ्या बघायला सांगा. एका मे महिन्यात आमच्या यादीत एमआयआर-451 हा मायक्रोआरएनए सगळ्यांत वर आला. हरखून फ्रीजर उघडला, तर रुग्णांच्या नळ्यांतलं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा पिवळसर द्रव, गुलाबी! तांबड्या पेशी फुटल्या होत्या, आणि 451 त्यांच्यातच भरलेला असतो; म्हणजे ती खूण कर्करोगाची नव्हतीच. तीन आठवडे गेले. मला रडू आलं.

तिने प्रत्येक नळीचा रंग टिपून ठेवला असेल, तर तिची वही मला जरूर बघायची आहे.