लोणावळ्याला नेऊन दोन पंगतींची एक होत नाही

ताई,

मी बाणेरला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत अॅडमिन आणि एचआर दोन्ही बघते. हाउसिंग सोसायट्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. गेल्या दिवाळीनंतर आमच्या सरांनी दुसरी एक लहान कंपनी विकत घेतली आणि तिथली मुलं आमच्याकडे आली. तेव्हापासून ऑफिसात सरळ दोन पंगती पडल्यात. जुने लोक एकला डबे उघडतात, नवे अडीचला बाहेरून मागवतात. बोलणं कामापुरतं, तेही मेलवर. (नव्यांना आठवड्यातून दोन दिवस घरून काम आहे, आम्हाला नाही, त्यावरूनही कुरबुर असते.) आता सरांनी फर्मान काढलंय: ऑगस्टमध्ये एक शनिवार-रविवार सगळ्यांना लोणावळ्याला न्या, खेळ घ्या, टीम एक झाली पाहिजे. ग्रुपवर विचारलं तर चाळीस जणांची चाळीस मतं. कुणाला सुट्टी घालवायची नाही, कुणाचं बाळ लहान. माझ्याच सासूबाई म्हणतात, ऑफिसच्या लोकांबरोबर रात्रीचं राहायचं कशाला? त्यात बारा वर्षं माझ्याबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणीने ग्रुपवर टाकलं, "काही जणांना कंपनीच्या पैशावर मिरवायला बरं मिळतंय." दसऱ्याची पूजा, वर्षाची सहल हे सगळं आधी तीच बघायची. फार लागलं ते मला. आणि सहल फसली तर खापर माझ्यावरच फुटणार. काय करू?

मधल्यामध्ये सापडलेली, बाणेर

अगं,

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू कंसात टाकली आहेस.

एकाच ऑफिसातल्या निम्म्या लोकांना आठवड्यातले दोन दिवस घरी बसून काम करता येतं आणि उरलेले रोज बाणेरच्या ट्रॅफिकमधून धडपडत येतात. त्यांना तू लोणावळ्यात डोळ्यांवर पट्टी बांधून मागे पडायला सांगणार, आणि नव्या मुलांनी त्यांना झेलायचं. झेलतील बिचारे. पण सोमवारी डबे पुन्हा एकलाच उघडतील आणि पार्सलं अडीचलाच येतील. शिवाय तुमच्या अकाउंट्समधल्या कुणाची तरी कंबर धरलेली असेल ती वेगळीच.

घरून कामाचा हा घोळ तू घातलेला नाहीस, आणि निस्तरायचाही तू नाहीस. सरांकडे जा. लोणावळ्याचा विषय न काढता आधी एवढंच विचार, की ही सवलत एकांनाच का? कारण असेलही. कंपनी घेताना त्या मुलांना तसा शब्द दिला असेल. मग ते सरांनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं, आणि जुन्यांना एक दिवस तरी देता येतो का ते बघावं. लोक चिडतील, पण आत्ता डब्याभोवती जे तर्क लढवले जातायत ते तरी थांबतील. हे सहलीच्या आधी व्हायला हवं. सर म्हणाले, "ते नंतर बघू", तर समज की त्यांना भांडण मिटवायचं नाहीये, फक्त फोटो हवेत. तसं असेल तर तूही फोटोंपुरतीच सहल कर, जीव काढू नकोस.

आता लोणावळा. ऑगस्टमधल्या शनिवारी तिकडे जाणाऱ्या माणसाला मी काय सांगणार! घाटात बस अडकली की सगळ्यांची एकी होते खरी, पण ती तुझ्याविरुद्ध. आणि गंमत बाजूला ठेवून सांगते, पावसाळ्यात चाळीस माणसं पाण्याच्या ठिकाणी नेण्याची जबाबदारी तू अंगावर घेऊ नकोस. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्यातल्याच एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल माणसांच्या गर्दीसकट कोसळला, चार जण दगावले. त्यात दिवसभर ओल्या कपड्यांत फिरलेल्या माणसांचा मूड कुठल्या खेळाने सुधारत नाही.

मुक्कामही नकोच. तुझ्या सासूबाईंचं कारण वेगळं असेल, पण माझंही मत त्यांच्याच बाजूने पडतं. ऑफिसच्या मुक्कामी सहलीत रात्री नऊनंतर काय होतं ते तुला माहीत आहे. निम्मे पुरुष 'बसतात', न पिणारे शेजारी शेंगदाणे खात ताटकळतात, बायका खोलीत जाऊन घरी व्हिडिओ कॉल करतात. एकत्र आणायला नेलेल्या माणसांचे तिथेच तीन गट पडतात. आणि एचआर म्हणून तुला हे पाठ असायला हवं, की कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामानिमित्त जिथे जाल ती जागा आणि कंपनीने केलेलं वाहन, दोन्ही 'कामाचं ठिकाण'च धरलं जातं. रिसॉर्टवर रात्री एक वाजता कुणाची जीभ घसरली तर तक्रार तुमच्या अंतर्गत समितीपुढे येणार. "ते काय ऑफिस होतं का" म्हणून कुणालाच सुटता येणार नाही.

तर सरांसमोर हे ठेव: जानेवारीत, कामाच्या दिवशी, एका दिवसाची हुरडा पार्टी. तोवर वर म्हटलेली घरून कामाची भानगड मार्गी लावायला तुमच्या हातात पाच महिने आहेत. सोलापूर रस्त्याला, सासवडकडे, शिरूरकडे त्या दिवसांत हुरड्याच्या पाट्याच पाट्या लागलेल्या असतात. सकाळी आठला निघून संध्याकाळी सहाला परत. लहान बाळाची आई येऊ शकते, शनिवार-रविवार कुणाचा जात नाही आणि तुझ्या घरातला प्रश्नही संपतो. (पुढे कधी खरंच मुक्कामाला जावं लागलं, तर सासूबाईंशी तू बोलू नकोस, त्यांच्या मुलाला बोलू दे.)

हुरडाच का म्हणते? आगटीत गोवऱ्यांचा विस्तव फुललेला असतो, त्यात ज्वारीची कोवळी कणसं खुपसून भाजतात. भाजलेलं कणीस गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे पाडायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि थंड व्हायच्या आत तोंडात टाकायचे. एकाने भाजायचं, दुसऱ्याने चोळायचं, तिसऱ्याने खायचं, मग जागा बदलायची. लसणाची चटणी, दही, गूळ ताटात मध्ये. हात काळे झालेले असतात त्यामुळे मोबाईलला कुणी शिवत नाही. आणि तिथे हुद्दे आपोआप उलटे होतात. तुमच्या ऑफिसात चहा देणारा मुलगा बार्शीकडचा किंवा करमाळ्याचा असेल तर तो पटापट कणसं चोळील, आणि तुमचे टीम लीड चटके खात ओरडतील. मग त्याच्याकडून शिकायला जुने-नवे आपसूक एका आगटीभोवती बसतात. तेव्हा तो मुलगा, सफाईच्या मावशी, सिक्युरिटीचे काका यांना घेऊन जा. "ते कॉन्ट्रॅक्टवर आहेत" हे कारण मी ऐकणार नाही.

तारीख मात्र कालनिर्णय उघडून ठरव. संकष्टी किंवा एकादशीला ठेवलंस तर उपासवाले हुरड्याकडे बघत साबुदाण्याची खिचडी खातील आणि वर्षभर तुला ऐकवतील. बस एकच कर. आपापल्या गाड्या काढू दिल्या की जी पंगत ऑफिसात, तीच गाडीत.

खेळ घेणारा भाड्याने आणू नकोस. त्याऐवजी जेवणानंतर झाडाखाली तासभर तुमच्या सपोर्टवाल्या जुन्या लोकांना बोलू दे. सोसायटीचे सेक्रेटरी, वय बहात्तर, सकाळी सव्वाआठला फोन करून विचारतात, "मेंटेनन्सच्या पावतीत अडतीस पैशांचा फरक का?" आणि समोरचा उत्तर देईपर्यंत मागची तीन वर्षं काढतात. असे किस्से तुमच्या जुन्यांकडे पोतंभर असणार. नव्या मुलांनी त्या पावतीचं प्रोग्रॅमिंग केलं असेल, पण त्या काकांचा आवाज कधी ऐकलेला नसेल. नव्यांनीही मग सांगावं, की ते अडतीस पैसे काढायचे म्हटलं तर आत किती उचकावं लागतं. यातून तुमच्या कामाचंही काहीतरी निघेल, आणि सरांना खर्चाचं समाधान मिळेल.

ग्रुपवर मतं मागणं आजपासून बंद. प्रत्येकाला वेगळं गाठून तीन गोष्टी विचार: काय खात नाहीस, काय झेपत नाही, किती वाजता घरी पोचायला हवं? ज्याला यायचं नाही त्याने ऑफिसात काम करावं, त्याची रजा कापली जाणार नाही आणि त्याला कारणही विचारलं जाणार नाही, हे सरांच्या सहीने मेलमध्ये यायला हवं.

राहिली मैत्रीण. ती बोलली ते वाईटच, आणि चारचौघांत बोलली ते त्याहून वाईट. पण पूजा आणि सहल वर्षानुवर्षं जिच्याकडे होती, तिच्याकडून ते काढून घेताना कुणी तिला चकार शब्दाने विचारलं होतं का? तुझ्या पत्रात तरी तसं काही दिसत नाही. ग्रुपवर उत्तर देऊ नकोस. तिच्या टेबलापाशी जा, "ते वाचून मला लागलं" एवढं सांग, आणि ती काय म्हणते ते ऐक. दोन दिवस जाऊ देत, मग तिला विचार की जागा बघण्यापासून जेवणापर्यंतचं सगळं तू घेशील का. हो म्हणाली तर पैसेही तिच्याच हातात दे, आणि ताक किती लिटर सांगितलं हे विचारायला तिच्यामागे फिरू नकोस. नाही म्हणाली तर अॅडमिनमधल्या कुणाला तरी मदतीला घे आणि कामाला लाग.

तुझी ताई