मृगालयात वाघ कसा?

प्रश्न : भुतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात लेकराला घेऊन गेलो होतो. शाळेत कन्नड शिकतो, त्यामुळं बोर्डावरचं 'मृगालय' त्यानं वाचलं आणि विचारलं, मृग म्हणजे हरीण ना, मग आत वाघ कशाला? मला काय सांगता येईना.
एक वाचक, खानापूर

उत्तर : पोराचं बरोबर आहे आणि बोर्डाचंही बरोबर आहे बघा. संस्कृतात मृग म्हणजे आधी रानातलं कुठलंही जनावर, म्हणून तर सिंह मृगराज, फांद्यांवरनं फिरणारं माकड शाखामृग आणि शिकार ती मृगया, मग ती डुकराची का असेना. ऋग्वेदात हत्तीला 'मृग हस्तिन्' म्हटलंय, म्हणजे हात असलेलं जनावर, सोंडेलाच हात म्हटलंय, पुढं त्यातला मृग गळाला आणि हस्तिन्‌वरनं आपला हत्ती आला. मला हे नाव फार आवडतं, हत्ती पहिल्यांदा बघून थक्क झालेला माणूस त्यात अजून उभा आहे असं वाटतं.

नंतर मृगाचा अर्थ आटत आटत हरणापुरता राहिला आणि मराठीत आपण तोच धरला. कन्नडनं मात्र जुना अर्थ सांभाळलाय, तिथं मृग म्हणजे जनावर आणि हरणाला म्हणतात जिंके. इराणकडं तर हाच शब्द पाखरावर जाऊन बसला, फारसीत मुर्ग म्हणजे पक्षी, हॉटेलच्या मेनूतला मुर्ग तो हाच, आपल्या मृगाचा लांबचा भाऊ!

आणि कन्नडनं नुसतं संस्कृतातनं घेतलंच असं नव्हे. राशीतला मीन हा संस्कृतात द्राविडी भाषांतनं आलेला शब्द, बेळगावच्या मासळी बाजारात 'मीनु' ऐकता तोच. मुंगूस पण तसंच, संस्कृतात त्याला नकुल, पण कन्नडात मुंगुसी, तेलुगूत मुंगिस, तिकडनंच ते मराठीत आलं आणि मराठीतनं इंग्रजांनी उचलून मंगूस केलं. जगभर इंग्रजीत चालणारं एका जनावराचं नाव आपल्या मराठीतनं गेलंय, हे लेकराला आवर्जून सांगा.

आणि त्याला म्हणावं, कन्नडच्या बाईंना 'काडुमृग' म्हणजे काय ते विचार. काडु म्हणजे रान, त्यात वाघ पण आला आणि अस्वल पण.