भिशीची वही

"मॅडम, सरळ सांगा. आईकडे अजून किती वर्षं आहेत?"

आई शेजारच्याच खुर्चीत होत्या, मांडीवरची पर्स घट्ट धरून. "मी इथेच बसलेय रे," त्या म्हणाल्या.

न्यूरॉलॉजिस्टने फायलीवर 'एमसीआय' लिहिलं की घरचे चाचण्या घेणाऱ्या मला थेट शेवटाचंच विचारतात. एमसीआय म्हणजे स्मरणशक्ती किंवा विचारशक्ती वयाच्या मानाने जास्त मंदावलेली असते, चाचणीत ते दिसतं, पण रोजचे व्यवहार माणूस स्वतः निभावतो. मेमरी क्लिनिकमध्ये येणाऱ्या अशा लोकांपैकी वर्षाला साधारण १० ते १५ टक्के स्मृतिभ्रंशाकडे सरकतात. काही जण वर्षानुवर्षं आहे तिथेच राहतात, काही तर सुधारतात. मुलगा इंजिनिअर. "म्हणजे सात-आठ वर्षांत सगळेच?" तसा हिशेब होत नाही. टक्के शंभर जणांचे असतात, आणि समोर बसलेली बाई एकच.

काकूंचं वय ७१. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मोका चाचणीत, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्तीच्या छोट्या चाचणीत, ३० पैकी २३. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं बरोबर दाखवली, शंभरातून सात-सात झरझर वजा केले. पण पाच शब्दांपैकी थोड्या वेळाने एकच आठवला, आणि इशारा देऊनही बाकीचे आले नाहीत. खोटं कशाला बोलू, इशाऱ्यानेही शब्द परत येत नाही तेव्हा मला जास्त काळजी वाटते. तो शब्द मुळात साठलेलाच नसण्याची शक्यता असते.

तरी आधी सुधारण्यासारखं काय आहे ते बघायचं. बी-१२ कमी निघालं. शाकाहारी घरात हे नेहमीचंच. कुणीतरी कधीतरी लिहून दिलेली झोपेची गोळी चार वर्षं सुरूच होती. टीव्हीचा आवाज तर शेजाऱ्यांना पाठ झालेला. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली, गोळी हळूहळू कमी केली, कान तपासायला पाठवलं.

मग मी विचारलं, "काकू, घरातला कुठला हिशेब तुमच्याकडे असतो?"

पर्समधून वही निघाली. बारा बायकांची भिशी, महिना हजार रुपये. तीन वर्षांपूर्वीची पानं बघण्यासारखी होती: सरळ रकाने, लाल पेनाने बेरीज. गेल्या दिवाळीनंतर खाडाखोड दिसू लागली. एका महिन्यात एकाच बाईच्या नावापुढे दोनदा 'मिळाले'. पण खाली बारीक अक्षरात काकूंनीच लिहिलं होतं: 'चूक. परत मोजले. ११ च.'

ती ओळ मी मुलाला दाखवली. चूक होणं वेगळं आणि ती लक्षात येऊन दुरुस्त करणं वेगळं. पैसे, औषधं, प्रवास, स्वयंपाक यांतली घसरण पुढचं बरंच सांगते, आणि एकदाच काढलेल्या गुणांपेक्षा सहा महिने-वर्षाच्या अंतराने केलेली तुलना जास्त बोलते. "आईंनी दुरुस्त्या करणं थांबवलं, तर मला फोन करा."

त्याने मोबाइल पुढे केला. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, मे २०२५ मध्ये अल्झायमरसाठी पहिली रक्तचाचणी मान्य केली, ती बातमी. "ही केली तर कळेल ना?" मेंदूत अमायलॉइड हे अल्झायमरशी जोडलेलं प्रथिन साचलंय का, याचा अंदाज तिच्यातून येतो. तारीख येत नाही. करायची की नाही ते डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि आईंना विचारून, असं मी म्हटलं. काकूंनी त्या दिवशी नको म्हटलं.

खरी गोष्ट उठता उठता निघाली. कंपनी त्याला दोन वर्षं परदेशी पाठवत होती आणि होकार शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. वर्षांचा आकडा त्याला त्यासाठी हवा होता! मग पुढचा पाऊण तास आम्ही ती वही दर महिन्याला कोण बघणार, यावरच बोललो. शेजारची सून तयार झाली. मृत्युपत्र आणि बँकेचं नॉमिनेशन काकूंनी स्वतः बसून करून घेतलं. मुलाला यूपीआयचा पिन मात्र दिला नाही.

वर्षाने मोका २४. मुलगा व्हिडिओ कॉलवर खूश झाला. मी झाले नाही. एखादा गुण नुसत्या सरावानेही वाढतो. भिशी आता आठ जणींची आहे, बेरीज कॅल्क्युलेटरवर होते, दुरुस्त्या अजून काकूंच्याच अक्षरात आहेत. पुढची चाचणी फेब्रुवारीत. मुलाने ती फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकलीय, काकूंनी वहीच्या शेवटच्या पानावर.